पट्ट्यातून बोलणारी सून

ती. दादास,

तुझ्या धाकट्या बहिणीचा नमस्कार. नमस्कार वाकून केला आहे, पण दातओठ खाऊन केला आहे, हे आधीच सांगून ठेवते. तू बरा असशीलच. नसायला काय झालं? तुझ्या छातीवर तुझ्या मुलाने काही बांधलेलं नाही. वहिनीचे गुडघे कसे आहेत? तिला म्हणावं शेक घे, मलम लाव, काय वाटेल ते कर, पण मुलाला गुडघा दाखवू नकोस. आज तो गुडघ्याला काहीतरी चिकटवेल आणि उद्या गुडघा बोलायला लागेल. मग माझ्याकडे रडत येऊ नका.

तुला सगळं अर्धवट कळलं असणार, कारण ते तुला तुझ्या मुलाने सांगितलं असणार. म्हणून मी पहिल्यापासून सांगते. शाळा माझी चौथीत सुटली, अक्षर तर तुला माहीतच आहे, पण जे झालं ते जसंच्या तसं लिहीन. गेल्या महिन्यात ह्यांना दुकानात चक्कर आली. (दुकानात हे कापतात आणि मी शिवते. तुझ्या मुलाला अजून वाटतं की आत्या तिथे नुसती ओरडायला बसते.) हातात कात्री, समोर कुणाच्या तरी कोटाचं भारी कापड, आणि हे त्या कापडावर गाल टेकून गार. मी पाणी मारलं तर डोळे उघडून पहिला प्रश्न काय, तर कापडावर डाग पडला का! इस्पितळात नेलं. तिथे ह्यांना आडवं केलं, हातापायाला चिमटे लावले, यंत्राने कागदाची लांब पट्टी बाहेर सोडली आणि त्या पट्टीवर ह्यांचं हृदय एकदम गुणी निघालं. आमचं शिलाई मशीन असंच आहे. घरी दर वीतभर शिवणीला दोरा तोडतं आणि दुरुस्तीवाला आला की सुतासारखं चालतं. मोठे डॉक्टर म्हणाले की एका भेटीत हे हृदय पकडीत यायचं नाही, ते कामात असताना, जेवताना, हिंडताना त्याच्यावर नजर ठेवावी लागेल. आणि नेमका तेव्हाच तुझा खटपट्या तिथे हजर.

(खटपट्या म्हटलं की वहिनीला राग येतो. येऊ दे. लहानपणी माझ्या घरी आला की जाताना एक तरी वस्तू उघडून जायचा. भिंतीवरचं घड्याळ त्याने उघडलं त्याचे दोन स्क्रू मला अजून सापडलेले नाहीत.) तर तो म्हणाला, "आत्या, मी बनवलेला पट्टा आहे की! डॉक्टरांना ठाऊक आहे तो. इस्पितळात तपासून झालाय, आता लोकांनी घरी वापरून बघायचाय." मी म्हटलं, लोकांनी म्हणजे कुणी? तर म्हणे घरच्यांपासून सुरुवात केलेली बरी. बघ, बापावर नाही बांधला. आत्याचा नवरा बरा सापडला.

आता तो पट्टा. दादा, तुझा मुलगा हुशार असेल, पण ती शिवण बघून माझे डोळे पाणावले. रुंद इलास्टिक, आतून दोन धातूच्या चकत्या, पुढे साबणाच्या वडीएवढी डबी, आणि शिवण अशी की जणू कोंबडी चालून गेली आहे. ती डबी ह्यांच्या छातीवर आवळली, माझ्या फोनवर काहीतरी घातलं, तसंच तुझ्या मुलाच्या फोनवर आणि इस्पितळातल्या एका खोलीत, जिथे एक पोरगी पडद्यासमोर बसून असते. हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे जपून, लाल म्हणजे धावा. इथवर मी ऐकून घेतलं. पण तो पट्टा बोलतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तो तुझ्या सुनेच्या आवाजात बोलतो, हे तर अजिबातच नव्हतं.

खटपट्याने म्हणे बायकोचा आवाज भरला, कारण तो शांत आहे. शांत आहेच. म्हणून तर मस्तकात जातो! मी बटणवाल्याशी फोनवर बोलत होते. (तपकिरी बटणं सांगितली तर काळी पाठवली आणि वर म्हणतो उन्हात तपकिरीच दिसतात.) तर मागून ह्यांच्या शर्टातून तुझी सून म्हणते, "आपल्या हृदयाची गती वाढली आहे. कृपया आवाज कमी करा आणि शांत बसा." माझ्या दुकानात! मला! तुझी सून लग्न होऊन आल्यापासून माझ्यासमोर कधी मान वर करून बोलली नाही, आणि आता माझ्या नवऱ्याच्या छातीतून मला गप्प बसवते. मी तिला तिथल्या तिथे झापलं, तर ह्यांचं हृदय आणखी पळालं आणि ती तेच वाक्य पुन्हा म्हणाली. जरा म्हणून आवाज चढला नाही तिचा. अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी बँकेतल्या मॅनेजरबाई मापाला आल्या. हे टेप घेऊन त्यांच्या कमरेशी वाकले, वाकल्यामुळे धाप लागली, आणि सुनेने जाहीर केलं की आपल्या हृदयाची गती वाढली आहे. बाईंनी आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "ह्यांचं मनावर घेऊ नका, यंत्र आहे." त्या म्हणाल्या, "माप घरून पाठवते." अजून पाठवलेलं नाही.

आता मुख्य प्रकरण, ज्याच्यावरून तुझा मुलगा माझ्या नावाने बोंबलत फिरतो आहे. ती डबी नेमकी ह्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशाखाली यायची. त्या खिशात ह्यांचा खडू असतो. आयुष्यभर खडू तिथेच. हे खडू काढायला गेले की बोटं डबीला अडकायची, आणि खडूचे तुकडे पडायचे. मग मी काय केलं? शिंपिणीने करायचं तेच केलं. पट्टा उसवला, डबी उजवीकडे घेतली, त्याबरोबर चकत्याही इकडच्या तिकडे गेल्या, कडेने दुहेरी टीप मारली, पोटाशी आत घेऊन झोल काढला. असा देखणा पट्टा तुझ्या मुलाच्या कारखान्यात कुणी बघितला नसेल. ह्यांनी आरशासमोर वळून बघितलं आणि म्हणाले, आता कसं अंगाबरोबर बसलं.

तासाभराने दुकानासमोर रुग्णवाहिका. त्या पडद्यासमोरच्या पोरीला म्हणे सगळ्या लाटा उलट्या दिसल्या. धिप्पाड माणसं स्ट्रेचर घेऊन आत घुसली. ते कापायच्या टेबलाला अडलं, तर मला म्हणतात टेबल हलवा. मी म्हटलं टेबलावर कापलेल्या बाह्या लावून ठेवल्या आहेत, आधी त्या उचलू द्या, नाहीतर कुणाची बाही कुणाला जाईल. "बाई, पेशंट कुठे आहे?" असं त्यांनी विचारलं, तर पेशंट त्यांच्याच मागे उभा राहून स्ट्रेचरचं दुसरं टोक धरून मदत करत होता! नेलं तरीही. इस्पितळात एक चष्मेवाला छोटा डॉक्टर पडद्याकडे बघून मला हळूच म्हणतो की ह्यांचं हृदय बहुतेक उजवीकडे असावं. मी म्हटलं, लग्नापासून ह्यांचे सदरे मी शिवते आहे, मला नका सांगू. तेवढ्यात मोठे डॉक्टर आले, त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि विचारलं, "हा कुणी शिवला?" मी मोठ्या अभिमानाने पुढे झाले. व्हायला नको होतं.

काय बोलले ते लिहीत नाही, वहिनी वाचेल. पण मला सांग, ह्यात माझी चूक कुठे? डावी चकती कुठली, उजवी कुठली, ह्याची खूण त्या मुलाने केली होती का? साध्या बाहीला आम्ही खडूने खूण करतो, आणि हे तर माणसाचं काळीज! डॉक्टर म्हणाले होता तसा करून द्या. नर्सकडे सुई मागितली तर तिने माशाच्या गळासारखी वाकडी सुई आणून दिली. असल्या सुईने म्हणे माणसं शिवतात. मी त्या वाकड्या सुईने, सगळा वॉर्ड बघत असताना, तुझ्या मुलाची ती कोंबडीची शिवण जशीच्या तशी परत घातली. जन्मात मुद्दाम वाईट शिवलं नव्हतं ते तिथे शिवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण मग डॉक्टरांनी पडद्यावर ह्यांचे सगळे दिवस दाखवले. मधे मधे पिवळ्या रेघा. डॉक्टर विचारतात, ह्या वेळी काय करत होता? हे बिचारे आठवत बसले, मला मात्र बघताक्षणी कळलं. ही रेघ बटणवाल्याची. ही वरच्या मजल्यावरच्यांनी आमच्या दारात पाणी सांडलं त्याची. ही खटपट्याने "आत्या, जरा हळू बोल" म्हटलं त्याची. दादा, त्या पडद्यावर माझं तोंड काढलेलं होतं. माझ्या नवऱ्याच्या काळजावर मी रेघोट्या मारते आहे, हे मला एका टीव्हीने दाखवलं, आणि वर तुझा मुलगा शेजारी उभा राहून जमिनीकडे बघत होता. मला त्याला बडवावंसं वाटलं. पण बडवलं असतं तर आणखी एक रेघ.

म्हणून मी गप्प बसले. घरी येऊन एक शब्द नाही. बटणवाल्याने पुन्हा काळी पाठवली, मी काळी लावली. वरच्यांनी पाणी सांडलं, मी पुसलं. हे दर थोड्या वेळाने विचारायचे, "तुझं काही दुखतंय का?" मी मान हलवायचे. दुकानात नुसता कात्रीचा आवाज. असा एक दिवस गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तुझ्या सुनेने कधी न ऐकलेलं वाक्य म्हटलं. त्याच शांत आवाजात. "कृपया रुग्णाला एकटे सोडू नका."

मी वळले तर ह्यांचा गाल कापडावर. कात्री अर्ध्या कापात थांबलेली.

मी काय ओरडले मला आठवत नाही. समोरचा किल्लीवाला धावत आला एवढं खरं. तेवढ्यात ह्यांनी डोळे उघडले, डोकं वर केलं आणि विचारलं, "खडू कुठाय माझा?"

पट्ट्याने सगळं टिपलं होतं. ह्यांचं हृदय मधेच थांबतं. थांबतं आणि पुन्हा चालू होतं, एवढे दिवस पकडीत येत नव्हतं ते आलं. सोमवारी दाखल करून घेणार, कातडीखाली एक यंत्र बसवणार, म्हणजे हृदय थांबलं की ते ढकलेल. आता ह्यांच्या आतच यंत्र! आणि हे सगळं कुणामुळे? तुझ्या मुलाने तो पट्टा आणला नसता तर मला ह्यातलं काही कळलं नसतं आणि मी सुखाने ओरडत राहिले असते. तेव्हा तुझा पट्टा, तुझा मुलगा आणि तुझी सून तुझ्याकडे ठेव. पट्टा ह्या पत्राबरोबर पुडक्यात बांधून पाठवते आहे. पुन्हा माझ्या दारात काही चिकटवायला कुणाला पाठवलंस तर बघ.

तुझीच (इलाज नाही),
बहीण

ता. क. पुडक्यात पट्टा नाही, उघडून शोधत बसू नकोस. वहिनीच्या गुडघ्यासाठी आतून मऊ कापड लावलेल्या दोन पट्ट्या शिवल्या आहेत. त्या बोलत नाहीत. पट्टा सोमवारपर्यंत ह्यांच्या अंगावर राहील.

आणखी ता. क. एक लिहायचं राहिलं. डॉक्टरांनी विचारलं की ह्या दोन दिवसांत घरात वेगळं काय होतं. मी सांगितलं, मी गप्प होते. त्यांनी पडद्यावर ते दिवस पुन्हा काढले. मग म्हणाले की पिवळ्या रेघा म्हणजे नुसती धडधड, त्याने काही बिघडत नाही. ह्यांचं हृदय थांबतं ते फार मंद पडलं की, आणि जेवढ्या वेळा थांबलं तेवढ्या वेळा घर शांत होतं. जाताना हसत म्हणाले, "बाई, सोमवारपर्यंत चालू ठेवा." ते गमतीने म्हणाले असतील. मी नाही घेतलं गमतीने. हे पत्र मी मोठ्याने म्हणत म्हणत लिहिते आहे. हे समोर बसून बाह्या कापताहेत, मधे मधे हसताहेत, मॅनेजरबाईंचं आलं तेव्हा तर फारच हसले. फोन पिवळा आहे. हिरव्यापेक्षा मला पिवळाच बरा वाटतो.

शेवटचं. बटणवाला संपला, वरचे संपले, खटपट्यालाही मघाशी फोनवर पुरा केला. सगळ्यांवर चिडून झालं आणि सोमवार अजून लांब आहे. पत्र मिळताच निघ. तू समोर बसलास की मला कधीच विषय कमी पडलेला नाही.