दोषाची चिठ्ठी आणि एक काळं बटण

मी, खाली सही करणारी, वय एकोणसत्तर, धंदा जुन्या शिलाई मशिनांची खरेदी, दुरुस्ती आणि विक्री, हे मृत्युपत्र माझ्या राहत्या घरी, पुढच्या खोलीत, पूर्ण शुद्धीवर असताना सांगते आहे आणि वकीलबाई लिहून घेत आहेत. मला कोणी धमकावलेलं नाही, फूस लावलेली नाही. लावायला कोणी आलंच असतं तर मी त्याला आधी चहा दिला असता आणि मग दार दाखवलं असतं. माझे यजमान गेल्यावर मी एक मृत्युपत्र केलं होतं, त्यात तिन्ही मुलांना सारखे वाटे होते. ते आजपासून रद्द समजावं.

वकीलबाई म्हणाल्या, "आजी, मुद्द्याचं सांगा, गोष्टी नकोत." मी म्हटलं, "बाई, गोष्ट कळल्याशिवाय वाटणी कळायची नाही." त्यांनी हात टेकले. तेव्हा आता ऐका.

कलम पहिले. माझ्या पोटात गाठ आहे, ती पसरली आहे आणि मी आता फार दिवसांची सोबतीण नाही. हे मला थोरल्याने सांगितलेलं नाही, सुनेने नाही, मधल्याने नाही. आणि धाकटीने तर एका अक्षरानेही सांगितलेलं नाही. थोरल्या, मधल्या, हे वाचल्या वाचल्या तुमच्या मनात पहिला संशय तिचाच येणार. म्हणून घरादाराच्याही आधी हे कलम. घराचं काय, ते कुठे पळून जात नाही. तुम्हा तिघांतलं बोलणं तुटलं तर ते सांधायला मी नसेन.

कलम दुसरे, म्हणजे मला कळलं कसं. उभा जन्म मी जुनी मशिनं विकत घेतली. विकायला आलेल्याला आतली सगळी माहिती असते, घेणाऱ्याला काहीच नसते. पण एक खूण कधी चुकत नाही. मशिनचा जो भाग गेलेला असतो, त्याच्याकडे विकणारा बघत नाही. चाकाचं कौतुक करेल, टेबलाचं लाकूड थोपटेल, पण खालचा दोरा फिरवणारं शटल गेलेलं असेल, तर त्याच्याकडे नजर जाणार नाही. दवाखान्यातून आल्यापासून माझ्या पोटाकडे घरात कोणी बघेना. थोरला माझ्याशी वाद घालायचा बंद झाला. सून, जिचं आणि माझं आजवर एका भांड्यावरूनही जमलं नाही, ती "आई, बसा हो तुम्ही" म्हणायला लागली. एवढा गोडवा फुकट नसतो. मी समजले.

मग मी एकटी डॉक्टरांकडे गेले. म्हटलं, "डॉक्टर, हे मशिन दुरुस्तीत की भंगारात?" ते चष्मा पुसत बसले. "आजी, मी मुलांना शब्द दिलाय." मी म्हटलं, "मग तुम्ही बोलूच नका. मी बोलते, चुकले तर थांबवा." मी सगळं बोलले. त्यांनी मला कुठेच थांबवलं नाही. हे ते स्वतः सांगतील, कारण साक्षीला तेच बसणार आहेत.

कलम तिसरे, डब्याबद्दल. आमच्या घरात मोठी गोष्ट मतावर ठरते, ही माझ्या यजमानांची शिस्त. पूर्वी हात वर करायचो. पण मुलं आधी बापाचा हात बघायची आणि मग आपला वर करायची, म्हणजे मत एकाचंच आणि हात सगळ्यांचे. मी भांडले, तेव्हा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आला. पांढरं बटण म्हणजे हो, काळं म्हणजे नाही, मूठ झाकून टाकायचं. निकाल लागला की पुन्हा तक्रार नाही, आणि बाहेर वेगळं वागायचं नाही. दुसरा नियमही यांचाच: ज्याच्याबद्दल ठराव, त्याला मत नाही. मधला लहानपणी स्वतःच्याच सायकलीसाठी बटण टाकायला निघाला होता, तेव्हा तो झाला. तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

दवाखान्यातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी झोपले आहे असं समजून स्वयंपाकघरात डबा वाजला. नंतर तो रिकामा करायला कोणाला सुचलं नाही. मी उघडला. तीन पांढरी, एक काळं. आईला सांगायचं नाही, असं बहुमताने ठरलं होतं. माझ्या मरणाचा ठराव, आणि नियमाप्रमाणे मलाच मत नव्हतं. त्या क्षणी मला माझ्या मेलेल्या नवऱ्याचा इतका राग आला की त्याच्या फोटोकडे मी दोन दिवस पाठ करून बसले.

मुलांनो, तुम्ही वाईट नाही, हे मला कळतं. आई खचेल, म्हणून तुम्ही पांढरी टाकलीत. पण डब्यात एक खोट आहे, ती तुमच्या बापालाही दिसली नाही. बटण हलक्या मनाने टाका नाहीतर काळीज पिळवटून टाका, पत्र्यावर सारखंच वाजतं. तुमची तीन "असू दे, नको सांगायला" अशी होती. ते एक काळं कसं पडलं असेल, ते मला ठाऊक आहे.

काळं कोणाचं, हे मला पुढच्या रविवारी कळलं. दर रविवारी माहेरी येणारी धाकटी आली नाही.

कलम चौथे. आमच्या दुकानाची रीत सगळ्या बाजाराला माहीत आहे, तरी लिहून ठेवते. प्रत्येक मशिनच्या मानेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असायची आणि तिच्यावर त्या मशिनचे दोष. "जाड कापडावर टाका सुटतो." "पट्टा नवा घालावा लागेल." शेवटची ओळ ठरलेली: "पटलं नाही तर परत आणा." मी ही रीत काढली तेव्हा यजमान कपाळाला हात लावून बसले. "अगं, गिऱ्हाईक पळेल!" पळालंही, पहिलं वर्षभर. मग परत आलं, आणि येताना शेजारणीला घेऊन आलं. जो आपल्याच मालाचा दोष सांगतो, त्याचं बाकीचं बोलणं लोक खरं धरतात. त्या चिठ्ठ्या धाकटी लिहायची. तिचं अक्षर गोल आणि स्वच्छ, आणि स्वभाव असा की बारीक ओरखडासुद्धा सोडायची नाही. खोटं बोलायची वेळ आली की तिचे कान लाल होतात, अजूनही.

म्हणून ती येत नाही. घराचा नियम मोडून मला सांगणं तिला जमत नाही, आणि माझ्या तोंडावर "आई, तू छान दिसतेस" म्हणणंही जमत नाही. फोनवर म्हणते, "काम आहे गं." मी म्हणते, "असू दे, काम आधी." दोघी खोटं बोलतो आणि फोन ठेवतो. मग मी भिंतीकडे बघत बसते. मला माझी मुलगी हवी आहे. ज्या घरातून दोष लपवून मशिन कधी विकलं नाही, त्या घरात माझाच दोष लपवला, आणि त्यापायी माझी लेक माझ्यापासून तुटली.

आता वाटणी.

कलम पाचवे, घर. घर थोरल्याचं आणि मधल्याचं. दोष: मागच्या भिंतीला ओल येते, न्हाणीघराचं दार पावसात फुगतं, आणि माडीवर पंखा लावला की घरभर घरघर ऐकू येते. किमतीवरून तुम्ही भांडणार, हे मी आजच सांगते. लोक मशिन विकायला आणतात तेव्हा आईच्या मशिनचे सोन्याचे भाव सांगतात, आणि तेच शेजारच्या दुकानात दिसलं तर म्हणतात, हे काय, भंगार आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. तेव्हा असं करा. थोरल्याने घराची किंमत सांगावी, एकदाच. मग मधल्याने ठरवावं, त्या भावाने थोरल्याचा हिस्सा घ्यायचा की आपला त्याला द्यायचा. किंमत सांगताना आपण विकणारे आहोत की घेणारे हे ठाऊक नसलं, की माणूस आपोआप शहाणा होतो.

कलम सहावे, दुकान. दुकान, त्यातली हत्यारं आणि उभी असलेली सगळी मशिनं आमच्या कारागिराला. तो माझा कोणी नात्याचा नाही, पण यजमान गेल्यावर दुकानाचं शटर एक दिवसही त्याने बंद राहू दिलं नाही. दोष: तोंडाने फटकळ. तो माझाही आहे. अट एकच, चिठ्ठ्या बांधायच्या थांबवायच्या नाहीत.

कलम सातवे. कशिद्याचं ते मोठं मशिन मात्र थोरल्याला. ते कधीच धड चाललं नाही. तुझे वडील त्यात सुटे भाग घालत राहिले, "एवढं घातलंय, आता सोडायचं कसं?" म्हणत. घातलेलं गेलेलं असतं रे. पुढचं घालायचं की नाही एवढंच आपल्या हातात असतं. तू मला मोठ्या दवाखान्यात हलवायला निघाला आहेस, मला ऐकू येतं. वकीलबाई म्हणतात, मला हलवू नका हे सांगणं मृत्युपत्रात बसत नाही, मेल्यावर वाचतील. म्हणून ते मी तुला तोंडीच सांगणार आहे. पण मशिन ठेव, आणि त्याच्याकडे बघून आठव.

कलम आठवे. सुनेला माझी लाकडी पेटी, कात्र्यांसकट. दोष: किल्ली हरवली आहे, झाकणाला बुक्की मारली की उघडते. बाई गं, तू गोड बोलायला लागलीस तेव्हा मला आपल्या भांडणांची आठवण येऊन रडू आलं. पुन्हा एकदा भांड माझ्याशी, मी आहे तोवर.

कलम नववे. बँकेत जे काही असेल त्यातून माझं शेवटचं कार्य करावं, उरेल ते दोघा भावांनी सारखं घ्यावं.

कलम दहावे. धाकट्या मुलीला मी काहीही देत नाही. घरातला वाटा नाही, पैसा नाही, सुईसुद्धा नाही. तिच्या नवऱ्यालाही नाही.

वकीलबाईंनी इथे पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, आधीच्या कागदात तिचा वाटा होता. रागावलात का?"

रागावेन कशाला? ऐका. हा कागद म्हणतो की धाकटीने मला काही सांगितलं नाही. तिला मी घरातली एक वीट जरी दिली, तरी भाऊ म्हणतील, "आईच्या कानाला लागली आणि वाटा पदरात पाडून घेतला." मग पहिल्या कलमाची किंमत शून्य. तुमचा कायदाही हेच म्हणतो ना, की मृत्युपत्राचा साक्षीदार जो असेल, त्याला त्यातून काही मिळायचं नाही? ज्याला फायदा नाही, त्याचीच साक्ष धरतात. आमची चिठ्ठी तरी दुसरं काय होती? माझ्या पोटच्या पोरीला मी रिकाम्या हाताने उभी करते आहे, तेव्हा कुठे तिचं खरं धरलं जाईल. हे सांगताना मला जे होतंय ते लिहू नका. बरं, लिहा. जीव तुटतो आहे.

आणि साक्षीदार दोन लागतात. एक डॉक्टर. दुसरी ती.

उद्या सकाळी वकीलबाई तिला फोन करतील आणि एवढंच म्हणतील, आईच्या कागदावर साक्षीला ये. "भेटायला ये" म्हटलं तर ती येणार नाही. खऱ्या गोष्टीवर सही करायला ये म्हटलं, तर तिला नाही म्हणता येणार नाही. ती आली की मी डॉक्टर आणि वकीलबाईंच्या देखत तिला सांगेन, की बाळा, मला माहीत आहे, आता माझ्यापाशी बस. मी आधी बोलले, ती नाही, हे दोघांनी डोळ्यांनी पाहिलेलं असेल. पुढे तुमच्यातल्या कोणी तिला जाब विचारला तर या दोघांना विचारावं.

माझ्याजवळ थोडे दिवस उरले आहेत. ते मालमत्तेत धरत नाहीत म्हणे. मग ते तिला द्यायला कायद्याची आडकाठी नसावी.

कलम अकरावे. ज्याच्याबद्दल ठराव त्याला मत नाही, हा नियम मी रद्द करते. यजमानांशी मी वर जाऊन बोलेन. डब्यात माझं एक काळं बटण आज टाकलं आहे. उशीर झाला, पण वाजलं.

कलम बारावे. ज्याला त्याला वस्तू दिली ती दोष सांगून दिली. माझी चिठ्ठी तेवढी राहिली. ती लिहायला खाली जागा सोडली आहे. धाकटी आली तर तिने लिहावी. नाही आली तर जागा तशीच राहू द्यावी, दुसऱ्या कोणी भरू नये.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे, आणि मी तो कबूल करून दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी
मृत्युपत्र करणारीची सही: (सही)

साक्षीदार पहिले: डॉक्टर. आजी पूर्ण शुद्धीवर आहेत. मुलीला जे सांगितलं ते त्यांनीच आधी सांगितलं, माझ्या समोर. (सही)

साक्षीदार दुसरी: धाकटी मुलगी. मला यातून काही मिळत नाही हे मी वाचलं. (सही)

सोडलेल्या जागेत, धाकटीच्या अक्षरात:

"दोष: पोटात आहे, बाहेरून दिसत नाही. दुरुस्ती होत नाही. रविवारी वाट बघते आणि सांगत नाही. बाकी सगळं चालू आहे. शेवटची ओळ मी लिहिणार नाही, आई. मी इथेच आहे."