एका छत्रीवरचे चार टीव्ही

३ एप्रिल, बुधवार

खोली मिळाली, आणि पहिलं कामही त्याच घरात मिळालं. स्वारगेटच्या ज्या दुकानात मी डिश बसवायच्या कामाला लागलो, त्याचे मालक रविराज यांनीच दोन्ही जुळवून दिलं. धायरीत बद्रीनाथकाकांचं घर आहे. तळमजला, वर दोन मजले, त्यावर गच्ची आणि गच्चीवर एक खोली. ती माझी. खिडकी उघडली की समोर सिंहगड. हिंगणघाटच्या घरात खिडकीतून शेजाऱ्याचा कूलर दिसायचा.

काका फाट्यावर घ्यायला आले होते. माझ्या बॅगेकडे पाहून म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. "बरं हाय. जिना अरुंद हाय आमचा." घरी गोदाकाकूंनी पोहे दिले. पोह्यांवर तर्री नव्हती, ओलं खोबरं होतं. मी दोनदा घेतले. माझी बायको चंपा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून कोणी असं समोर बसवून खाऊ घातल्याचं आठवत नाही. ही वहीसुद्धा तेव्हापासूनचीच. झोप येत नाही म्हटल्यावर डॉक्टरांनी रोज चार ओळी लिहायला सांगितल्या होत्या.

कामाचं असं. टीव्ही चार. एक तळमजल्यावर काका-काकूंचा. एक पहिल्या मजल्यावर मुलगा अवधूत आणि सून सलोनी यांचा. एक दुसऱ्यावर नात स्पृहाचा. चौथा माझ्या खोलीतला, जुना पण चालू. त्यासाठी चार डिश लागत नाहीत. गच्चीवर एकच छत्री, तिच्या दांड्यावर सिग्नल पकडणारा चार तोंडांचा एलएनबी, प्रत्येक तोंडातून एक केबल आपापल्या बॉक्सला. ज्याने त्याने आपल्याला हवं ते पाहावं, कोणाचं कोणाला अडत नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

काम आज संपलं. केबल जिन्याच्या कोपऱ्यातून खाली नेली, वळणावर मोठा बाक देऊन. काटकोनात मोडली तर आतली तांब्याची तार दुखावते आणि मग दोन वर्षांनी ग्राहक आपल्यालाच शिव्या घालतो. मीटरवर चारही केबलींचा सिग्नल सारखा आला. असं सहसा होत नाही.

काकू प्रत्येक मजल्यावर माझ्याबरोबर आल्या. टीव्ही कुठे टांगायचा हे त्यांचं आधीच ठरलं होतं. पहिल्या मजल्यावर म्हणाल्या की सलोनीला पलंगावरून दिसला पाहिजे. दुसऱ्यावर स्पृहाच्या टेबलावर बारावीची पुस्तकं होती, खुर्चीच्या पाठीला केसांचा रबर अडकवलेला होता. काकू म्हणाल्या, "पोरीला आवाज लई मोठा लागतो. मी वरडते, पण ऐकती व्हय?"

वरच्या मजल्यांवर कोणी नव्हतं. ऑफिसात, कॉलेजात असतील.

८ एप्रिल, सोमवार

आज सुट्टी. दुपारी गच्चीच्या दारात सावलीला बसलो होतो. तळमजल्यावरून कीर्तन, पहिल्यावरून मालिकेतलं भांडण, दुसऱ्यावरून गाणी. काकू ट्रेमध्ये चहा घेऊन वर-खाली करत होत्या. भरलेलं घर असं ऐकू येतं, हे मी विसरलोच होतो. डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत बसलो.

वरची माणसं मात्र अजून भेटली नाहीत.

९ एप्रिल, पाडवा

काका-काकूंची मुलगी आनंदीताई हडपसरहून आल्या होत्या. शाळेत शिकवतात. मला जिन्यात गाठून त्यांनी विचारलं, "वरचे टीव्ही तुम्ही कोणासाठी लावलेत?"

मी नावं सांगितली. त्या मधल्या पायरीवर खाली बसल्या.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत अवधूत, सलोनी आणि स्पृहा साताऱ्याहून परत येत होते. थांबलेल्या ट्रकवर गाडी गेली. तिघंही जागच्या जागी.

"आई त्यांच्या खोल्या झाडते, तिथपर्यंत ठीक होतं," आनंदीताई म्हणाल्या. "आता तुम्ही तिला टीव्ही लावून दिलेत."

मला मान वर करता येईना. पण खरं सांगायचं तर काकूंचं मला नवल वाटलं नाही. चंपाचा मोबाईल मी अजून रोज चार्ज करतो. काकू टीव्ही लावून बसत असतील तर बसू देत, असंच मनात आलं.

१२ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो.

दुपारी साडेतीनला मी तळमजल्यावर काकूंसमोर बसलो होतो. त्या कोथिंबीर निवडत होत्या. काका पलीकडे आडवे झाले होते. घरात आणखी कोणी नाही. आणि दुसऱ्या मजल्यावर टीव्ही लागला. चॅनल बदलत गेले, एक एक करून, मध्येच एकावर थांबले. मग आवाज वाढला.

काकूंनी मान वर न करता म्हटलं, "उठली वाटतं."

मी वर गेलो. दार लोटलेलं होतं. टीव्हीवर गाणी चालू, वर पंखा फिरतोय. रिमोट खुर्चीच्या हातावर होता. उचलून पाहिला. वीस वर्षं रिमोट दुरुस्त केलेत मी. माणसाने नुकताच धरलेला रिमोट हाताला कळतो. तो कोमट होता, अंगठा टेकतो तिथे.

खाली आलो. काकूंनी विचारलं की आवाज कमी करायला सांगितलात का. मी हो म्हटलं.

१४ एप्रिल, रविवार

दुपारी वावटळ आली. पत्रे वाजले, गच्चीवरच्या कुंड्या आडव्या झाल्या. छत्रीचा नट ढिला होऊन ती पार जमिनीकडे तोंड करून लटकली. तळमजल्याचा टीव्ही गेला. जाणारच. जमिनीकडे पाहणाऱ्या छत्रीला काहीच मिळत नाही.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरचे चालू होते.

मीटर लावला. दोन केबलींवर शून्य. दोन केबलींवर भरपूर सिग्नल, एरवीपेक्षाही जास्त. तो आकाशातून येत नव्हता. मी दुसऱ्या मजल्याची केबल एलएनबीवरून फिरवून काढली. गाणी थांबली, आणि खालून जिन्यातून आवाज आला. मुलीचा. वैतागलेला, लाडावलेला.

"आजी, गेलं गं."

मी ताबडतोब केबल परत लावली. आटा दोनदा चुकला. छत्री सरळ केली आणि काकांना जाऊन सगळं सांगितलं. काकांनी कीर्तनाचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "बिघडलं असतं तर बोलावलं असतं ना तुम्हाला. चाललंय ना?"

खोली सोडावी असं आज पहिल्यांदा वाटलं. बॅगसुद्धा काढली.

१६ एप्रिल, मंगळवार

माझ्या खोलीतला टीव्ही मी एकदाही लावला नव्हता. टीव्ही हे आमच्या घरात चंपाचं खातं होतं.

आज दुपारी बाराला कामावरून आलो तर तो चालू होता. कोणीतरी बाई वांग्याची भाजी करून दाखवत होती. मी रिमोट उचलून बंद केला.

मागून आवाज आला, "बंद नका करू जी. मी पाहून राहिली."

चंपा रोज असंच म्हणायची. डोळे मिटलेले, तोंड उघडं, घोरत असायची. टीव्ही बंद केला की हे. शेवटी दवाखान्यातही एकदा म्हणाली होती, आणि तिथे टीव्ही नव्हता.

मी टीव्ही लावला. पलंगाच्या कडेला बसलो. मान वळवली तर पलंग रिकामा. स्क्रीनकडे पाहिलं की ती डावीकडे असते. तिच्या डोक्याच्या तेलाचा वास येतो. वांग्यात दाणे कमी घातले असं म्हणाली. मी म्हटलं, हो.

पुढचं घड्याळ पाहिलं तेव्हा साडेपाच वाजले होते. मला वाटलं होतं दहा मिनिटं झाली.

मी भ्यालो नाही. त्याचीच आता भीती वाटते.

१८ एप्रिल, गुरुवार

कामावर गेलो नाही. रविराजचे तीन फोन येऊन गेले. सकाळचा डबा तसाच, आता आंबूस वास येतोय.

जिन्यात काकू दिसल्या. ओळखूच आल्या नाहीत, मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जातायत. त्यांनी विचारलं, "आल्या का तुमच्या?"

मी हो म्हटलं.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाल्या, "मग आता उठू नका. उठलं की चुकतं."

२० एप्रिल, शनिवार

आनंदीताई आल्या होत्या. काकू स्पृहाच्या खोलीतून उठत नाहीत. घास भरवला तर तोंडातच राहतो. डॉक्टरला घरी आणलं तर त्याच्याकडे बघितलं नाही.

आनंदीताई माझ्या दारात उभ्या राहून रडल्या. "तुम्हीच जोडलंत. तुम्हीच काढा. आज काढा."

हो म्हटलं. त्या खाली गेल्या. मी जरा टेकलो, चंपा काही सांगत होती म्हणून —

पाहतो तर अंधार पडला होता. आनंदीताई गेलेल्या.

२२ एप्रिल, सोमवार

गोदाकाकू गेल्या. सकाळी. स्पृहाच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलेल्या, टीव्हीकडे तोंड. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस पोटात पाणीही नसावं.

दोन दिवस. मी एक जिना वर होतो. हातात रिमोट होता.

२४ एप्रिल, बुधवार

तळमजल्यावर कीर्तन चालू आहे. काका कोणाशी तरी बोलतात, मध्ये थांबतात, मग हसतात. कोथिंबिरीचा वास जिन्यात येतो. दोन दिवस घरात चूल नाही.

आनंदीताई उद्या काकांना हडपसरला नेणार. काका येत नाही म्हणतात. त्यांच्या छातीचं ऑपरेशन झालंय, एक मजलाही चढायची परवानगी नाही. ताई म्हणाल्या, आई गेली, निदान बाबा राहू देत. माझे दोन्ही हात धरले होते.

उद्या मी सगळं तोडणार. चंपाला सांगितलं नाही.

२५ एप्रिल, गुरुवार. सकाळी दहा

पक्कड घेऊन गच्चीवर गेलो. पहिल्या मजल्याची तोडली. मालिकेचा आवाज बंद. मग दुसऱ्याची. "आजी, गेलं गं" — ऐकलं, तरी थांबलो नाही. मग तळमजल्याची. काका मोठ्याने ओरडले. नंतर सगळं शांत.

चौथी राहिली. ती खोलीतून, बॉक्सच्या मागून तोडू म्हटलं. एकदा तिला सांगून.

सव्वादहा

जिन्यात पावलं.

एका माणसाची नाहीत. चप्पल. पैंजण, भराभर. मागून गुडघ्यावर हात टेकत येणारं कोणीतरी, प्रत्येक पायरीवर थांबत. काकू अशाच चढायच्या.

त्यांचे टीव्ही मी बंद केले. घरात आता एकच चालू आहे. लहानपणी आमच्या गल्लीत एकाकडेच टीव्ही होता, सगळे तिथे जाऊन बसायचे. तसे येतायत.

लिहीत राहायचं. लिहितोय तोवर स्क्रीनकडे पाहावं लागत नाही. केबल डाव्या हातात, पक्कडीच्या तोंडात. उजव्या हाताने लिहितोय.

चंपा म्हणाली, पाहुणे आले.

पलंग खाली दबतोय. सतरंजीवरसुद्धा. सगळे स्क्रीनकडे तोंड करून —

अजून एक पाऊल जिन्यात. हे वेगळं. काठी. धाप.

काका.

ओरडलो, काका वर येऊ नका. ते खालून म्हणाले, "ती वर हाय ना."

पहिला मजला झाला. खोकतायत. आनंदीताईंना फोन केला, उचलत नाहीत. दहा मिनिटांवर असतील.

पक्कड दाबली की सगळे जातील. काका वाचतील. चंपा पण —

दुसरा मजला. काठी पडली. काठीशिवाय येतायत.

दाबतो. आता दाबतो. चंपा, ऐक, मला —

तिने स्क्रीनवरची नजर काढली. माझ्याकडे पाहतेय. मी मान वळवलेली आहे आणि ती दिसतेय. दोन वर्षांनी. कपाळावरचं गोंदणसुद्धा —

काका दारात. कोणीतरी त्यांना हात दिला. बसले. काकूंच्या शेजारी.

खोकला थांबला.

पक्कड हातात नाही. मी कधी ठेवली. कुठे —

एकच जागा उरलीय. चंपा हाताने चादर सारखी करतेय, म्हणते या जी, बसा आता, मी तुमच्यासाठीच