रुळाअलीकडची शाळा

२८ एप्रिल
ऊन मरणाचं. मो. सर (त्यांना मुख्याध्यापक म्हणायचं माझ्या जिवावर येतं) आणि मी पटासाठी स्टेशनमागची वस्ती फिरलो. न.प.च्या शाळेच्या मास्तरांनी दारोदार लेकरं मागायची, ही वेळ आली. आमच्या तिसरीतल्या निकिताचे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाल आहेत. तिला चौथीला कळमनुरीकडं आश्रमशाळेत धाडून राहिले होते. जागा मिळालेली. मी म्हणलं, "भाऊ, काहून एवढ्या लांब? शाळा हिथंच हाय. माझी गॅरंटी." ऐकलं त्यांनी. तिथली जागा सोडतो म्हणाले. निकिता उड्या मारत घरात पळाली.

१७ जून
शाळा उघडली. आपली म्हणून धरलेली लेकरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्लिश शाळेत गेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. एक नाव कमी पडतंय. तेवढ्यासाठी शाळा बंद होईल, लेकरं रुळापलीकडच्या शाळेत जातील. मो. सर हळूच म्हणाले, "बाई, तुमची नात पहिलीला हाय ना?" मी चहाचे कप विसळायला उठले.

१९ जून
जेवताना विषय काढला. सून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, आर्वीच्या व्हॅनचे पैसे तुमीच भरता. मग?" लेकानं मोबाईलमधून मान वर केली नाही. राग आला, पण तिचा नाही. खरं तर माझीच इच्छा नाही. आर्वीनं त्या गळक्या वर्गात बसावं असं मला वाटत नाही. लिहिलं एकदाचं.

४ जुलै
पत्र आलं. शाळा बंद. मी अतिरिक्त. कुठं टाकणार ते नंतर कळवतील, तोवर पलीकडच्या शाळेत हजर व्हा. मो. सरांनी कपाटाची किल्ली दोनदा मोजली. किल्ली एकच आहे.

९ जुलै
निकिता पलीकडं आलीच नाही. संध्याकाळी घरी गेले. धाकट्या भावाला शेजारी बसवून भांडी घासत होती. वडील म्हणाले, "मालगाडी उभी ऱ्हायली की लेकरं डब्याखालून जातेत बाई. मी न्हाई धाडत."
आश्रमशाळेत परत विचारलं का म्हणलं.
"भरली तिथली जागा. तुमच्या शब्दावर ठेवली होती पोरगी."
आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.
म्हणलं, रोज मी नेते, मी आणते, हात धरून.
"आन् तुमाला दुसरीकडं टाकल्यावर?"
तोवर निकितानं दप्तर दारात आणून ठेवलं होतं. त्यांनी ते उचलून आत टाकलं.
उद्या आर्वीची व्हॅन गेली की परत जाते निकिताच्या घरी. धाडतील की...