शून्य किलोची पावती

२ मे, शुक्रवार
तिकिटं काढली. मुंबई ते बंगळूर, मी आणि ही. १७ तारीख, दुपारी दोन दहा. करिष्माला मुलगी झाली, १८ ला बारसं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायला हवं होतं, पण डॉक्टर तिकडचे म्हणून तिकडेच झालं. यावरून ही महिनाभर धुमसतेय. म्हणून आता बाळंतविडा असा न्यायचा की मितेशच्या घरच्यांचे डोळे पांढरे झाले पाहिजेत. मितेश म्हणजे जावई.

चिरंजीव दीपेश म्हणाला, पप्पा, हे सगळ्यात स्वस्त तिकीट आहे, यात फक्त हातातली बॅग चालते, माणशी सात किलो. मोठ्या बॅगेचे पैसे आत्ताच भरा, विमानतळावर दुप्पट घेतात. मी म्हटलं, एक दमडी भरणार नाही. राहनाळला बावीस वर्षं स्वतःचा वजनकाटा चालवतोय. चाळीस-चाळीस टनांचे ट्रक तोलतो. वजनातलं मला हे पोरगं शिकवणार!

४ मे
हिची यादी: झबली-टोपडी, दुपटी, दोन गोधड्या, चांदीचे वाळे, विहीणबाईंना साडी, सुके बोंबील, डिंकाचे लाडू. बोंबील रद्द केले. विमानात वास सुटला तर आमच्या अंजूर गावाचं नाव खराब होईल.

संध्याकाळी करिष्माचा फोन. म्हणाली, पप्पा, काहीच आणू नका, तुम्ही या फक्त. बारशाला बाळ तुमच्या मांडीवर पाहिजे मला. म्हटलं, तू बघच, मी पण येतो आणि सामान पण आणतो, फुकटात.

६ मे, काट्यावर
ऐतिहासिक दिवस. माझी बॅग गच्च भरून काट्यावर नेली. मधोमध ठेवली. आत येऊन स्क्रीन बघितली. शून्य!

हेल्पर चिंधू म्हणाला, शेठ, आपला काटा वीस-वीस किलोच्या टप्प्याने दाखवतो, एवढीशी बॅग त्याला कळत नाय. मी म्हटलं, शिक्का सरकारी आहे ना? मग सरकारच्या मते ही बॅग शून्य किलोची. रीतसर पावती काढली. गाडी नंबर: नाही. माल: बाळंतविडा. निव्वळ वजन: ०००. पावती लॅमिनेट करून घेतली.

८ मे
संकल्प: कुठलाही काटा बेभरवशाचा असू शकतो, म्हणून दुसरी फळी तयार ठेवायची. जे अंगावर असतं ते सामानात धरत नाहीत, असं मोबाईलवर बघितलं. नाक्यावरच्या टेलर मास्टरकडे जाकीट टाकलं, आतून नऊ खिसे. मास्टरने विचारलं, चाचा, शादी में जाना है या चोरी करने? हसलो नाही.

हिला म्हटलं, तू तीन साड्या एकावर एक नेस. ती स्वयंपाकघरात निघून गेली. होकार समजतो.

१० मे
सराव. दीपेश म्हणतो, हात लांबलेला आणि तोंड वाकडं दिसलं की ते लोक हमखास बॅग तोलायला लावतात. म्हणजे मुद्दा वजनाचा नाहीच, चेहऱ्याचा आहे. आरशासमोर बॅग उचलून हसायचं. वीस वेळा केलं. आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, चांगदेव, इमान काय तुझे बापाचा हाय? पैसं भर न गप जा. जुनी माणसं, विमानाला इमान म्हणतात. सोडून दिलं.

११ मे
कंबरेत लचक. एकविसाव्या वेळी. हसतच होतो, तसाच राहिलो.

१३ मे, अकलोली
कंबर शेकायला गरम पाण्याच्या कुंडावर आलोय. गाडी भाड्याची. वर जेवण, वर परतताना मालीश. ही म्हणाली, एवढ्यात दोन मोठ्या बॅगा गेल्या असत्या. बायकांना एवढंच दिसतं. तब्येतीचा खर्च वेगळा, प्रवासाचा वेगळा. दोन्हींची सरमिसळ करू नये.

१५ मे
जाकीट आलं. झकास. डाव्या बाजूला अठरा लाडू, उजव्या बाजूला अठरा. तोल साधला पाहिजे, हे ट्रकवाल्यांना मीच सांगतो.

१७ मे, सकाळी ८.१०
निघालो. बाहेर अंगाची लाही होतेय. ड्रायव्हरने एसी वाढवला, मग आरशात माझं जाकीट बघून आणखी वाढवला. मी म्हटलं, मला थंडी सोसत नाही.

११.२०, विमानतळ
दगाबाजी! ही सरळ काउंटरवर गेली, डिकीत लपवून आणलेली मोठी बॅग पट्ट्यावर चढवलीसुद्धा. दीपेशने परवाच पैसे भरले म्हणे, हिच्या भिशीतून. घरातच फितुरी. वर म्हणते, अजून चार किलोची जागा आहे, तुमचे ते लाडू द्या इकडे, बॅगेतल्या गोधड्या पण द्या. साफ नकार दिला. पंधरा दिवसांची मेहनत अशी ऐनवेळी बुडवायची नसते.

१२.३५
तपासणी झाली. जाकीट काढायला लावलं. ट्रेमधून यंत्रात गेलं आणि तिथेच थांबलं. चार जण जमले. मॅडमनी विचारलं, हे गोल-गोल काय आहे. डिंकाचे लाडू. किती. छत्तीस. सगळे बाहेर काढून मोजले, पस्तीस भरले. एक मी गाडीत खाल्ला होता. सोडलं शेवटी. ही दहा पावलं लांब उभी होती, ओळख न दाखवता.

१.२०, गेट
रांग लागली. ही पुढे गेली, आत बसली असेल. दाराशी एक मुलगी टेबलावर छोटासा काटा घेऊन उभी आहे. खेळण्यातला वाटतो. येऊ दे माझी पाळी. हसतोय.

२.२५
विमान गेलं.

नीट लिहून ठेवतो, उद्या लोक काहीही सांगतील. तिच्या काट्याने नऊ किलो आठशे दाखवलं. मी पावती काढली. ती वाचून मुलगी म्हणाली, सर, ये ट्रक का है. मी म्हटलं, तुमच्या काट्याचा दाखला दाखवा, शेवटचा शिक्का कधी मारला? ती म्हणाली, पैसे भरा आणि जा. मी म्हटलं, आधी दाखला. मागची माणसं बाजूने निघून गेली. तिने तीनदा सांगितलं, सर, गेट बंद होतंय. मला वाटलं, घाबरवतेय. मालवाले पण असंच करतात. मग खरंच बंद झालं.

हिचे सात मिस्ड कॉल. फोन वाजत होता, पण कुठल्या खिशात तेच सापडेना. आठवा उचलला. म्हणाली, मी उतरणार नाही, माहेरचं कुणीतरी दिसलं पाहिजे तिला. आणि फोन बंद झाला.

४.००
उद्या पहाटेचं तिकीट चौदा हजार. एकच सीट. बेंचवर बसून विचार केला, हे म्हणजे त्यांच्याच अरेरावीला बक्षीस देणं. पाच मिनिटांनी म्हटलं जाऊ दे, नातीपेक्षा काय मोठं. बघितलं तर सीट गेली होती.

१८ मे, रविवार, सकाळी ११.४०, घरी
नाव फॅमिली ग्रुपवर कळलं. दिशा. छान आहे.

करिष्माने व्हिडिओ कॉल लावला. मी लगेच सांगितलं, काट्यावर अर्जंट काम निघालं गं. ती म्हणाली, आईने सांगितलं सगळं. चिडली असती तर बरं झालं असतं. नुसतं विचारलं, पप्पा, जेवलात का? मग फोन फिरवून बाळ दाखवलं. मुठी मिटून झोपली होती, मितेशच्या वडिलांच्या मांडीवर. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. करिष्मा म्हणाली, उठली की परत लावते.

संध्याकाळी ७.१५
फोन चार्जिंगला लावून समोर बसलोय. आई दोनदा म्हणाली, जेव. म्हटलं, मधेच कॉल आला तर? तान्ही पोरं झोपतात फार.