बरगडीवरच्या दहा टिचक्या

प्रिय भावजी,

यकृतावर चरबी आहे असं डॉक्टरांनी सांगून चार महिने झाले, तरी तुम्ही पुढची तपासणी टाळताय. कारण मला ठाऊक आहे. तुमच्या दादांच्या यकृताचा तुकडा तपासायला काढताना सुई घातली, तेव्हा तुम्ही शेजारी होतात. त्या सुईच्या धास्तीनं त्यांनी वर्ष घालवलं होतं, मग उशीर झाला.

म्हणून काल मी स्वतःचीच तपासणी करून घेतली. तीन तास उपाशी राहायचं होतं आणि मी चहा पिऊन गेले! "मावशी, आता बसा बाहेर तीन तास," तिथली मुलगी म्हणाली. मग तिनं बरगड्यांवर गार जेल लावून यंत्रानं दहा टिचक्या मारल्या. यकृत किती कडक झालंय, तो आकडा पडद्यावर आला.

"सुई कधी?" मी विचारलं.

"सुई कसली? उठा, झालं."

मला तिथंच रडू फुटलं. तेव्हा हे यंत्र असतं तर यांनी वर्ष घालवलं नसतं हो.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. "वहिनी, बघू पुढच्या महिन्यात," असं उत्तर लिहून मोकळे व्हाल. त्यापेक्षा सोमवारी तुम्ही तोंड धुवायच्या आत तुम्हाला तपासणीला न्यायला दारात उभी राहीन. समोर उभ्या वहिनीला नाही म्हणायची तुमची छाती नाही.

तुमच्यावर जीव असलेली,
वहिनी