मालकांची जीप

शिरड शहापूर
९ ऑक्टोबर २०२५

प्रिय अण्णांस,
करुणाचा जय भीम.

इकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा जरा कमी दुखतो. सोयाबीन घरात आलं. मालकांनी विकायला काढलेली जीप मी घेते म्हणाले, म्हणून तुम्ही रागानं रविंद्रदादाकडे नांदेडला गेलात त्याला अकरा दिवस झाले. फोनवर जीपचं नाव काढलं की तुम्ही फोन दादाच्या हातात देता, म्हणून लिहिते आहे. अक्षर मोठं काढलंय. दादाकडून वाचून घेऊ नका. वेळ लागला तरी तुमचं तुम्हीच वाचा.

मंगळवारी मी मालकांच्या शेडमध्ये जाऊन जीप पाहिली. बावीस वर्षं तुम्ही चालवलेली, मिलिटरीच्या लिलावातली, तुम्हीच चार दिवस परभणीला बसून डिझेल इंजिन बसवून आणलेली तीच. सोबत देविदास मिस्त्री होते. मालकांचा दिपक खुर्चीत बसून हसत होता.

"जळबाची पोरगी ना तू? जीप घेऊन काय वरातीला लावतीस?"

"शेतातली माती तपासायला न्यायचीय."

"माती न्यायला बीएस्सी केलीस व्हय!"

मी मिस्त्रींना गाडी तपासायला सांगितलं. चार गावांतले शेतकरी मातीचे नमुने द्यायला तयार आहेत. काळ्या रानात माझी स्कूटी रुतते, एवढीच अडचण आहे.

मिस्त्री खाली शिरले आणि म्हणाले, "ताई, ही नावालाच फोर व्हील हाय. पुढच्या चाकांना ताकद देणारा शाफ्टच काढलाय, डिझेल वाचवायला. चिखलात काय कामाची न्हाई."

मी परत फिरले होते. तेवढ्यात शेड झाडणाऱ्या सखुबाई म्हणाल्या, "जळबाभाऊनं एक लोखंड गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवलंय. दर पोळ्याला ग्रीस लावून जातो. यंदाबी आला व्हता."

तोच शाफ्ट होता, अण्णा. गंजाचा एक ठिपका नाही. दिपकनं तो भंगारात घालायला सांगितला होता. तुमची नोकरी सुटूनही दोन वर्षं झाली. आणि तुम्ही आईला सांगता, त्या गाडीचं तोंड बघायचं नाही!

आता जे कधी बोलले नाही ते लिहिते. सातवीत मला वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं. जवळा बाजारहून येताना गाडीत आपण दोघंच होतो. तुम्ही मला पुढे बसवलंत. गावाजवळ मालक उभे दिसले. ते काही बोलले नव्हते. त्यांनी पाहिलंही नव्हतं. तुम्हीच गाडी थांबवलीत आणि म्हणालात, "उतर, मागं बस." मी स्टेपनीवर बसून घरी आले. माझा राग मालकांवर आहे असं तुम्हाला वाटत आलं. तो तुमच्यावर होता.

म्हणून मी स्वतःला विचारलं, मी गाडी घेते आहे की ती पुढची सीट? खरं सांगायचं तर आधी सीटच घ्यायला गेले होते. शाफ्ट हातात घेतला आणि गाडी घ्यायची ठरवली. तिथंच होकार दिला. गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. तुम्हीही म्हणा.

शाफ्ट गोणपाटासकट घरी आणलाय. रविवारपर्यंत मिस्त्रींना हात लावू देणार नाही. तुम्ही आलात तर तुम्हीच बसवा. नाही आलात तर सोमवारी ते बसवतील आणि मी माती आणायला जाईन. तुमच्यासाठी थांबणार नाही.

गाडीच्या कागदावर मालकाचं नाव असं लागणार आहे. नीट वाचा.

करुणा जळबा खिल्लारे