गेटची दुसरी किल्ली

प्रिय अप्पा,

उद्या मंडळाच्या कार्यक्रमात मला बोलायचं आहे. पहिलं वाक्य लिहून झालंय: 'सिंगापुरात आई-वडिलांना बोलावून घेतलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आपलं सगळ्यांचं दुखणं एकच आहे. आपण दिवसभर ऑफिसात आणि ते दिवसभर बंद दाराआड.' इथवर आले आणि पेन थांबलं. ते दार कोणी बंद केलं, हे पुढच्याच वाक्यात यायला हवं ना? म्हणून आधी तुम्हाला लिहितेय.

माझी भाषणं तुम्ही पहिल्या रांगेत बसून ऐकायचात. स्वातंत्र्यावर मी तासभर बोलायचे, ग्रीसपासून रशियापर्यंतचे दाखले द्यायचे. परतताना मेट्रोत तुमचं ठरलेलं, "वसू, पाणी पी. घसा बसलाय." याहून जास्त कधी काही म्हणाला नाहीत. का हो, अप्पा?

होक्काइडोचा तो डोंगर आठवतो? २०१४चा हिवाळा. आम्ही बर्फात फोटो काढत होतो आणि तुम्ही जाऊन उभे राहिलात स्कीजोरिंगच्या रांगेत. पायात स्की, कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला लांब दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला दोन दांडगी कुत्री. वय बहात्तर.

"अहो, हाडं मोडून घ्याल," आई म्हणाली.

"मोडली तर माझी मोडतील. तू फोटो काढ."

सैन्यात असताना हिमाचलच्या चौकीवर चार हिवाळे तुम्ही स्कीवर काढले होतेत. तिथल्या जपानी मुलीने तुमचे गुडघे कसे वाकतात ते पाहिलं आणि पट्टा बांधून दिला. मग त्या कुत्र्यांना तुम्ही मराठीत हुकूम सोडलात, "हं, चला रे." आणि ती चक्क निघाली.

पहिल्याच वळणावर तुम्ही आडवे झालात. मी किंचाळले. कुत्री मात्र थांबली, मागे वळून पाहत राहिली. तुम्ही उठलात, पँट झटकलीत, ती पुन्हा धावू लागली आणि झाडांत तुम्ही तिघे दिसेनासे झालात. संध्याकाळी म्हणालात, "लोकांना वाटतं कुत्रं ओढतं. पाय आपल्यालाच मारावे लागतात गं. ते नुसतं सोबत धावतं."

तो पट्टा तुम्ही विकत घेतलात. सिंगापुरात, सेंगकांगच्या आपल्या अकराव्या मजल्यावरच्या घरात तो कशाला लागणार होता? इथल्या सरकारी फ्लॅटमध्ये एकच छोटा कुत्रा पाळायची परवानगी, मोठ्याचं नावच नको. पण तुम्हाला शेजारच्या मिस्टर लिमचा कुत्रा, बिस्किट, सापडला. मांजराएवढा. रोज सकाळी पट्टा कमरेला, दोरी बिस्किटला, आणि नदीकाठच्या वाटेवर तुमची फेरी.

"अंकल, माय डॉग सो स्मॉल, हाऊ टू पुल यू?" लिम हसायचे.

"ही डज नॉट पुल. ही कम्स अलाँग," तुम्ही समजावून सांगायचात.

मग एका सकाळी तुम्ही परतलाच नाहीत. दुपारी दूर टॅम्पिनीसच्या बस स्थानकावर सापडलात, बाकावर बसलेले, बिस्किट मांडीवर. ब्लॉकचा नंबर आठवत नव्हता. मी मीटिंग सोडून धावत आले होते. तुमच्यावर किती ओरडले, सगळ्यांसमोर. तुम्ही एवढंच म्हणालात, "चुकलो खरा. पण निघालोच होतो परत."

दुसऱ्या दिवसापासून घराच्या दाराबाहेरच्या लोखंडी गेटला मी कुलूप लावू लागले. किल्ली माझ्या पर्समध्ये. "तुमच्याच भल्यासाठी," म्हणाले. जगातला प्रत्येक जुलमी माणूस हेच वाक्य बोलतो, हे मीच व्यासपीठावरून सांगितलं होतं ना? त्या दिवशी तुम्ही मला पाणी पी म्हणाला नाहीत.

तुम्ही भांडलात का नाही? एकदा लवकर घरी आले तर लिफ्टमधून दिसलात. गेटच्या गजांआड खुर्ची, तुमच्या कमरेला पट्टा. दोरी गजांतून बाहेर, टोकाला बिस्किट. तो कॉरिडॉरमध्ये ताणून पळायला बघत होता आणि तुम्ही आतून म्हणत होता, "हं, चला रे." मी पाहिलं, अप्पा. तरीही रात्री कुलूप तपासूनच झोपले.

तुम्ही पडलात तेव्हा आई पुण्यात होती आणि किल्ली माझ्याजवळ ऑफिसात. बिस्किट गेटशी भुंकत राहिला, म्हणून लिमना कळलं. त्यांनी कुलूप तोडायला माणूस आणला. नोव्हेनाच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले की लवकर आणलं असतं तरी फरक पडला नसता. मी पुन्हा विचारलं नाही. धीर झाला नाही.

आता आई इथे असते. परवा ती खाली जाऊन मजला विसरली. तुमच्या जावयांनी नवं कुलूप आणलंय, टेबलावर आहे. आईने ते उचलून पाहिलं आणि विचारलं, "मलाही लावणार का गं?"

त्याचं उत्तर आज देते. सकाळी मी त्या कुलपाची दुसरी किल्ली करून आणली आणि पत्ता लिहिलेल्या कार्डासकट तिच्या गळ्यात घातली. ती चुकेल. मी शोधायला जाईन. पडली तर होक्काइडोच्या त्या कुत्र्यांसारखी ती उठेपर्यंत उभी राहीन. हा शब्द तुम्हाला देते, जो तुम्ही असताना द्यायला हवा होता.

उद्या दाखले नाहीत, ग्रीस नाही, रशिया नाही. हेच पत्र वाचेन आणि समोरच्यांना एकच सांगेन: आज घरी गेल्यावर, चपला काढायच्या आधी, गेटची दुसरी किल्ली आई-वडिलांच्या हातात द्या.

तुमची,
वसू